युरोपातले भेदभावविरोधी कायदे: मूळ, पासपोर्ट की व्हिसा? देशवार माहिती

निशिगंध

युरोपातल्या मराठी मंडळींच्या गटांमध्ये एक प्रश्न सारखा येतो. परदेशी म्हणून घर नाकारलं, मुलाखतीलाच बोलावलं नाही, तर कायद्याने काही करता येतं का? उत्तरं बहुतेक ऐकीव असतात. बर्लिनमध्ये लागू पडणारं उत्तर डब्लिनमध्ये चालत नाही आणि लंडनचं पॅरिसमध्ये तर अजिबात नाही. देशवार माहिती एका जागी यावी म्हणून हा धागा.

आधी एक पक्कं करू या. "परदेशी म्हणून नाकारलं" असं म्हणताना आपण तीन वेगळी कारणं एकाच पिशवीत भरतो: वांशिक मूळ (रंग, नाव, कोणत्या समाजाचे दिसता), हातातला पासपोर्ट आणि वास्तव्याचा परवाना. कायदा या तिन्हींना वेगवेगळं वागवतो. आपलं प्रकरण कशात बसतं हे पहिल्या दिवशी ठरवलं नाही, तर पुढचा सगळा पत्रव्यवहार चुकीच्या कलमावर होतो.

युरोपीय संघाचे दोन मूळ निर्देश आहेत (निर्देश म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात आणायची संघाची चौकट). २०००/४३ हा २९ जून २००० चा. तो वंश आणि वांशिक मूळ यापुरता आहे, पण त्याचा आवाका मोठा: नोकरी, शिक्षण, सामाजिक सुरक्षा, आरोग्य, वस्तू आणि सेवा, भाड्याचं घर. दुसरा २०००/७८, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरचा. त्यात धर्म, अपंगत्व, वय आणि लैंगिक कल येतात, पण फक्त नोकरीच्या बाबतीत. म्हणजे धर्मामुळे घर नाकारलं तर संघाचा कायदा तिथे पोचतच नाही. त्या देशाच्या कायद्यात काही असेल तरच दाद. ही फट बुजवायचा प्रस्ताव २००८ मध्ये आला, पण त्याला सगळ्या सदस्य देशांचं एकमत लागतं, म्हणून तो अडकला तो अडकलाच.

आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आहे २०००/४३ मधलं कलम ३(२). राष्ट्रीयत्वामुळे मिळणारी वेगळी वागणूक आणि तिसऱ्या देशाच्या (म्हणजे संघाबाहेरच्या) नागरिकांच्या प्रवेशाच्या व वास्तव्याच्या अटी या निर्देशाबाहेर ठेवल्या आहेत. भारतीय पासपोर्टवाल्याला संरक्षण नाही, असा याचा अर्थ नव्हे. "तुम्ही आशियाई दिसता म्हणून नको" यावर भारतीय नागरिकही दाद मागू शकतो. "तुमच्याकडे आमचा पासपोर्ट नाही म्हणून नको" हे मात्र वेगळं कारण धरलं जातं. निर्देश किमान पातळी ठरवतात. देश त्याहून जास्त देऊ शकतात, आणि अनेकांनी दिलंही आहे.

दोन निकाल सगळ्यांना ठाऊक हवेत. पहिला बेल्जियममधला, फेरीन (सी-५४/०७, १० जुलै २००८). गॅरेजचे दरवाजे बसवणाऱ्या या कंपनीच्या संचालकाने जाहीरपणे सांगितलं की ग्राहकांना आवडत नाही म्हणून आम्ही परकीय मुळाचे कामगार घेत नाही. लक्झेंबर्गच्या न्यायालयाने, म्हणजे संघाच्या न्यायालयाने, असं विधान हाच प्रत्यक्ष भेदभाव ठरवला. अमुक एका उमेदवाराला नाकारलं हे दाखवावं लागलं नाही.

दुसरा बल्गेरियातला, चेझ (सी-८३/१४, १६ जुलै २०१५). दुप्नित्सा गावातल्या रोमा (युरोपातला एक वंचित अल्पसंख्याक समाज) वस्तीत वीज कंपनीने मीटर सहा-सात मीटर उंचीवर खांबाला लावले होते. बाकी गावात तेच मीटर एक मीटर सत्तर सेंटीमीटरवर, म्हणजे डोळ्यांच्या रेषेत. लोक चोरून वीज घेतात म्हणून असं केलं, हा कंपनीचा बचाव. त्या वस्तीत दुकान चालवणाऱ्या, स्वतः रोमा नसलेल्या बाईंनी तक्रार केली आणि न्यायालयाने त्यांचा तक्रारीचा हक्क मान्य केला. भेदभावाची झळ ज्याला लागते तो त्या समाजाचा असायलाच हवा असं नाही.

पुराव्याबद्दल: सगळं तुम्हालाच सिद्ध करायचं नसतं. भेदभाव झाला असावा असं वाटायला लावणारी वस्तुस्थिती मांडली की ओझं समोरच्यावर जातं. पण ती वस्तुस्थिती मांडावी लागतेच. "मला तसं वाटलं" एवढ्यावर काही हलत नाही.

ज्या देशाचं पक्कं ठाऊक आहे त्याबद्दल लिहा. मुदत आणि नेमकं कारण जरूर लिहा.

ऱ्हाइनकाठ

जर्मनी. कायदा एजीजी, म्हणजे समान वागणुकीचा सर्वसाधारण कायदा, १८ ऑगस्ट २००६ पासून लागू. यात सगळ्यात जास्त लोक कुठे अडकतात तर मुदतीत. नोकरीच्या प्रकरणात कलम १५(४) प्रमाणे नकार हाती आल्यापासून दोन महिन्यांत भरपाईची लेखी मागणी कंपनीकडे करावी लागते. त्यानंतर त्या मागणीपासून तीन महिन्यांत कामगार न्यायालयात दावा. घर आणि सेवांसाठीही कलम २१(५) मध्ये दोनच महिने. दोन महिने मोजताना तुमचं पत्र टाकल्याची तारीख न धरता ते समोरच्याकडे पोचल्याची तारीख धरून चाला. सल्ला केंद्राची भेट मिळायला तीन आठवडे, वकील शोधायला दोन, मग सणाची सुट्टी... मुदत अशी निघून जाते. म्हणून पत्र आधी, सल्ला नंतर.

पत्र एका पानाचं पुरतं. कोणत्या पदासाठी कधी अर्ज केला, नकार कधी आला, कोणत्या गोष्टीवरून वांशिक मुळाचा संबंध दिसतो आणि "एजीजीच्या कलम १५ प्रमाणे मी नुकसानभरपाई मागत आहे" हे एक स्पष्ट वाक्य. बाकी तक्रारीचा सूर कितीही लावला आणि हे वाक्य राहिलं, तर मुदत पाळली गेली असं धरता येत नाही. रक्कम तिथे लिहायलाच हवी असं नाही. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि ईमेलही करा. तुमची निवड तशीही झाली नसती असं कंपनीने दाखवलं, तर भरपाईला तीन महिन्यांच्या पगाराची कमाल मर्यादा लागते.

भाषेच्या अटीबद्दल नेहमी विचारलं जातं. जाहिरातीत "जर्मन मातृभाषा हवी" असं असेल तर तो वांशिक मुळावरून अप्रत्यक्ष भेदभाव (नियम वरवर सगळ्यांना सारखा, पण फटका एका गटाला), हे संघीय कामगार न्यायालयाने २९ जून २०१७ च्या निकालात सांगितलं (८ एझेडआर ४०२/१५). कामाला खरोखर लागत असेल तर "उत्तम जर्मन हवं" ही अट मात्र चालते. २०१० मध्ये त्याच न्यायालयाने लेखी कार्यसूचना वाचता न येणाऱ्या कामगाराची बडतर्फी योग्य ठरवली होती. जाहिरातीचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्या, कारण तक्रार गेली की मजकूर बदलतो.

आता जर्मन कायद्यातली भोकं. एक, एजीजी सरकारी कचेऱ्यांना लागू नाही. परदेशी नागरिकांची कचेरी, पोलीस, सरकारी शाळा इथे तो चालत नाही. अपवाद बर्लिनचा: तिथे जून २०२० पासून राज्याचा स्वतंत्र कायदा आहे आणि तो राज्याच्या यंत्रणेला लागू होतो. दोन, संघीय भेदभावविरोधी कार्यालय मोफत सल्ला देतं, समोरच्याकडून खुलासा मागवू शकतं, पण तुमच्या वतीने कोर्टात जात नाही. ही कमतरता फार बोचते. कारण कमी रकमेसाठी स्वतःच्या खिशातून वकील लावायला सहसा कुणी धजत नाही.

कोयनाकाठी

घरांच्या जाहिरातींत "फक्त ईयू पासपोर्टधारकांसाठी" असं लिहिलेलं असतं. पहिल्या पोस्टप्रमाणे हे राष्ट्रीयत्व झालं, मूळ नव्हे. मग हे सगळीकडे कायदेशीर धरायचं का?

निशिगंध

@कोयनाकाठी, नाही. इथेच देशादेशातला फरक दिसतो. नेदरलँड्सच्या १९९४ च्या समान वागणुकीच्या कायद्यात राष्ट्रीयत्व हे वेगळं कारण म्हणून लिहिलेलं आहे. बेल्जियमच्या कायद्यातही राष्ट्रीयत्व आहे. आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये "वंश" या कारणाच्या व्याख्येतच राष्ट्रीयत्व येतं. फिनलंडमध्ये राष्ट्रीयत्व आणि भाषा दोन्ही आहेत. इटलीत १९९८ च्या स्थलांतर कायद्याच्या कलम ४३ मध्ये परदेशी नागरिकत्वावरून घर किंवा नोकरी नाकारणं भेदभाव मानलं आहे. कलम ४४ खाली अर्जदार आपल्या राहत्या भागातल्या न्यायालयात जाऊ शकतो. या सगळ्या देशांत तशा जाहिरातीवर थेट दाद मागता येते.

जर्मनीत तशी थेट वाट नाही. ही अट खरं म्हणजे वांशिक मुळाला चाळणी लावते, असा अप्रत्यक्ष भेदभावाचा युक्तिवाद करावा लागतो. तो अवघड आहे, पण अशक्य नाही.

नेदरलँड्समध्ये १ जुलै २०२३ पासून चांगल्या भाडेव्यवहाराचा कायदा आहे. घरमालकाने आणि एजंटने भाडेकरू कसा निवडणार याची पद्धत लेखी ठेवली पाहिजे, ती आधी जाहीर केली पाहिजे आणि नाकारलेल्यांना निवडीचं कारण दिलं पाहिजे. अनामत दोन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. प्रत्येक नगरपालिकेला तक्रार केंद्र ठेवावं लागतं आणि ती दंड करू शकते. म्हणून तिथे पहिलं पाऊल भेदभावाचा आरोप हे नसावं. दोन ओळींचा ईमेल पाठवा: "तुमची निवडपद्धत पाठवा आणि माझी निवड का झाली नाही ते कळवा." उत्तर आलं नाही तर तेवढ्यावरच नगरपालिकेकडे जाता येतं. उत्तर आलं आणि त्यात विसंगती असेल तर ती मानवाधिकार मंडळासमोर पुरावा होते. हे मंडळ मोफत आहे, वकील लागत नाही, पण त्याचं मत बंधनकारक नसतं आणि ते पैसेही मिळवून देत नाही. पैशांसाठी दिवाणी न्यायालय.

नियम इतके चांगले असलेल्या या देशातच बालसंगोपन भत्त्याचं प्रकरण घडलं, हेही लिहिलं पाहिजे. करखात्याने फसवणूक शोधताना राष्ट्रीयत्व हा धोक्याचा निकष म्हणून वापरला. हजारो कुटुंबांकडून भत्ते परत मागितले गेले, लोक कर्जात बुडाले. १५ जानेवारी २०२१ ला मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विदासंरक्षण प्राधिकरणाने करखात्याला २७ लाख ५० हजार युरो दंड केला. सरकारी संगणक भेद करतो तेव्हा तक्रारदाराला त्याची चाहूलसुद्धा लागत नाही. म्हणून कुठलाही भत्ता थांबला की "कोणत्या माहितीवरून हा निर्णय घेतला" हे लेखी मागा.

ऱ्हाइनकाठ

घराच्या प्रकरणात जोड-चाचणी हा जर्मनीतला उत्तम पुरावा आहे, पण ती नीट केली तरच. एकाच घरासाठी दोन चौकशा करायच्या. पगार, नोकरीचा प्रकार, माणसं, घरात येण्याची तारीख, मजकुराची लांबी सगळं सारखं. बदल फक्त नावात. परदेशी नावाची चौकशी आधी जाऊ द्या. तिला "घर गेलं" असं उत्तर आलं आणि नंतर जर्मन नावाच्या चौकशीला घर बघायची वेळ मिळाली, तर पुरावा भक्कम. क्रम उलटा असेल तर "मधल्या वेळात घर गेलं" हा बचाव तयारच असतो. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अशाच तुर्की आणि जर्मन नावांच्या तुलनेवरून ३,००० युरो भरपाई दिली होती.

घरमालक त्याच आवारात राहत असेल, किंवा दोघांमध्ये खास जवळीक किंवा विश्वासाचं नातं येत असेल, तर कलम १९(५) प्रमाणे हे लागू होत नाही. स्वतःच्या राहत्या घरातली खोली देणाऱ्यावर चाचणी करण्यात वेळ घालवू नका.

टेम्सतीर

ब्रिटन आता संघात नाही, पण २०१०चा समानता कायदा तसाच लागू आहे आणि तो बऱ्याच बाबतींत संघाच्या निर्देशांपेक्षा विस्तृत आहे. एकूण नऊ कारणे. "वंश" या कारणात रंग, राष्ट्रीयत्व, वांशिक मूळ आणि राष्ट्रीय मूळ येते.

नोकरीच्या दाव्याची मुदत तीन महिने वजा एक दिवस. आधी आकास या संस्थेकडे समेटासाठी नोंद करावी लागते. ती केल्याशिवाय ट्रिब्युनल (नोकरीच्या वादांचे न्यायालय) अर्ज घेत नाही, आणि समेट चालू असताना घड्याळ थांबते. ही मुदत वाढवण्याचे पाऊल उचलले गेले आहे, म्हणून अर्ज करण्याआधी आकासच्या संकेतस्थळावर चालू मुदत पाहावी. घर आणि सेवांसाठी काउंटी कोर्टात सहा महिने वजा एक दिवस. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालापासून ट्रिब्युनलला फी नाही. भरपाईला कमाल मर्यादा नाही. मनस्तापाच्या भरपाईचे तीन पट्टे ठरलेले आहेत. ६ एप्रिल २०२५ पासून दाखल झालेल्या दाव्यांसाठी: १,२०० ते १२,१०० पौंड, तिथून ३६,४०० पर्यंत, आणि गंभीर प्रकरणात ६०,७०० पर्यंत.

व्हिसाबद्दल दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. २००९ मध्ये अपील ट्रिब्युनलपुढे एका वकिली फर्मचे प्रकरण आले. वर्क परमिट लागणाऱ्यांचा अर्जच विचारात घ्यायचा नाही, असे तिचे सरसकट धोरण होते. ते राष्ट्रीयत्वावरून अप्रत्यक्ष भेदभाव ठरले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर नायजेरियातून आणलेल्या घरकामगार स्त्रियांची प्रकरणे आली. मालकांनी त्यांना अतिशय वाईट वागवले, हे कुणी नाकारले नाही. पण ती वागणूक त्यांच्या व्हिसाच्या कच्च्या स्थितीचा फायदा घेऊन दिलेली आहे, आणि वास्तव्याची स्थिती म्हणजे राष्ट्रीयत्व नव्हे, म्हणून वंशभेदाचा दावा टिकला नाही. मला हा निकाल कायद्यातली सगळ्यात दुखरी फट वाटतो. ज्याला संरक्षणाची सर्वाधिक गरज, त्याचीच स्थिती कायद्याच्या यादीत नाही. अशा प्रकरणात किमान वेतन, कामाचे तास, कराराचा भंग हे दावे बरोबर लावलेच पाहिजेत.

घरांबाबत इंग्लंडमध्ये घरमालकाने भाडेकरूचा राहण्याचा हक्क तपासणे सक्तीचे आहे. न तपासता घर दिले आणि भाडेकरूला तो हक्क नसला, तर पहिल्या खेपेला माणशी १०,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे घाबरलेला घरमालक ब्रिटिश पासपोर्टवाल्याला पुढे घेतो. यातून भेदभाव होतो हे २०२० मध्ये अपील न्यायालयानेही मानले, तरी योजना वैध ठरवली. व्यवहारात उपाय एकच: पहिल्या ईमेलमध्येच ई-व्हिसाचा शेअर कोड (घरमालकाला तुमचा हक्क ऑनलाइन तपासता येतो तो) आणि जन्मतारीख द्यावी. कोड ९० दिवस चालतो. मग "कागदपत्रे तपासायला वेळ लागेल" ही सबब उरत नाही आणि त्यानंतरचा नकार पुराव्याच्या दृष्टीने जास्त बोलका ठरतो.

शब्दवेल

@टेम्सतीर, जातीबद्दल? ब्रिटनमध्ये जात कायद्यात घातली असं वाचलं होतं आणि काढली असंही.

टेम्सतीर

@शब्दवेल, घालायचे ठरले होते, पण घातली गेली नाही. २०१३ च्या दुरुस्तीने सरकारवर जातीचा समावेश करण्याचे बंधन आले. ते अमलात आले नाही आणि जुलै २०१८ मध्ये सरकारने सांगितले की हे बंधन रद्द करू, न्यायालयांचे निकाल पुरेसे आहेत. तो आधार म्हणजे २०१४ चा अपील ट्रिब्युनलचा निकाल. भारतातून आणलेल्या एका घरकामगार स्त्रीच्या प्रकरणात ट्रिब्युनलने सांगितले की "वांशिक मूळ" या शब्दांत जात येऊ शकते, ते त्या प्रकरणाच्या वस्तुस्थितीवर ठरेल. म्हणजे दावा लावता येतो, पण प्रत्येक दावेदाराला आपली जात या शब्दांत कशी बसते हे नव्याने पटवून द्यावे लागते. खर्च वाढतो तो इथे. महाराष्ट्रातून गेलेल्या आंबेडकरी संघटनांची स्पष्ट उल्लेखाची मागणी म्हणूनच रास्त आहे.

युरोपीय संघात जात हे कारण कुठेही स्वतंत्रपणे लिहिलेले नाही. बेल्जियम आणि इटलीच्या कायद्यांत "वंशपरंपरा" या अर्थाचे शब्द आहेत, आणि संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २००२ मध्ये या कारणात जात येते असे म्हटले आहे. युक्तिवाद तिथून सुरू करावा.

चौकट

फ्रान्सचं लिहितो. भेदभावाची वीसहून अधिक कारणं कायद्यात आहेत. मूळ, आडनाव, राहण्याचा पत्ता, फ्रेंचखेरीज दुसऱ्या भाषेत बोलण्याची क्षमता, आर्थिक हलाखी, सगळं. शिवाय हा फौजदारी गुन्हा आहे: दंडसंहितेचं कलम २२५-२, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ४५,००० युरोपर्यंत दंड. जोड-चाचणीचा पुरावा फौजदारी न्यायालयात चालतो हेही कायद्यातच लिहिलेलं आहे. नोकरीच्या दिवाणी दाव्याला, भेदभाव उघड झाल्यापासून पाच वर्षं. जर्मनीच्या दोन महिन्यांशी तुलना करून पाहा.

हक्करक्षक म्हणजे देफान्सर दे द्र्वा ही संस्था २०११ पासून आहे. तक्रार मोफत, ती समोरच्याकडून कागदपत्रं मागवू शकते आणि न्यायालयात आपलं म्हणणं मांडू शकते. पण तिच्याकडे तक्रार केली म्हणून दाव्याची मुदत थांबत नाही. हे न कळल्यामुळे चांगली प्रकरणं हातची जातात.

विद्यार्थ्यांसाठी एक कामाची तरतूद: भाड्याच्या घराच्या १९८९ च्या कायद्यात कलम २२-१ आहे. जामीनदार फ्रेंच नागरिक नाही, किंवा फ्रान्सच्या मुख्य भूमीवर राहत नाही, एवढ्याच कारणावरून त्याला नाकारता येत नाही. आईवडील साताऱ्यात राहतात हे नकाराचं कायदेशीर कारण होऊ शकत नाही. त्यांचं उत्पन्न पुरेसं आहे का हे मात्र घरमालक तपासू शकतो, म्हणून पगारपत्रकं आणि आयकर विवरण यांचं फ्रेंच भाषांतर अर्जासोबतच द्या.

ब्रिटनच्या पद्धतीशी माझा एक मतभेद आहे. जनगणनेत लोकांना वांशिक गटांच्या चौकटींत खूण करायला लावणं मला पटत नाही. फ्रान्सच्या घटनापरिषदेने (कायदे घटनेत बसतात का हे तपासणारी संस्था) १५ नोव्हेंबर २००७ ला वांशिक मुळावर आधारलेली अशी आकडेवारी घटनाबाह्य ठरवली, ती नागरिकाला फक्त नागरिक म्हणून बघावं या तत्त्वाने.

टेम्सतीर

@चौकट, तत्त्व समजते, पण अप्रत्यक्ष भेदभाव सिद्ध करायला तुलना लागते. एखाद्या नियमाने कोणत्या गटाचे किती लोक बाहेर पडले हे मोजलेच नाही, तर नियमाचा दोष दाखवणार कसा? ब्रिटनमध्ये १९९१ पासून जनगणनेत वांशिक गट विचारला जातो. त्यामुळे भरती, बढती, पोलिसांची झडती यांची तुलना करता येते. फ्रान्समध्ये जन्मदेश आणि आईवडिलांचा जन्मदेश यांवरून अंदाज बांधावा लागतो, आणि तिसऱ्या पिढीला ही मोजणी सापडतच नाही.

चौकट

तिसऱ्या पिढीचा मुद्दा मान्य. पण त्यावर जोड-चाचणीचा उपाय आहे, आणि तो फ्रान्सने ब्रिटनपेक्षा जास्त गांभीर्याने घेतला. नाव बदलून अर्ज पाठवले की कोणत्याही जनगणनेशिवाय भेद दिसतो. ब्रुसेल्सने तर २०१८ पासून कामगार निरीक्षकांनाच अशा चाचण्या करण्याचा अधिकार दिला आहे. मोजणी माणसांची न करता मालकांच्या वागण्याची करावी, असं माझं म्हणणं.

ऱ्हाइनकाठ

दोन्ही लागतात. चाचणीने भरतीच्या दारातला भेद कळतो. आत गेल्यावर दहा वर्षं बढती का मिळाली नाही, हे चाचणीने कळत नाही.

अबोली_गोंय

गोव्याच्या मूळच्या, पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या मंडळींसाठी चित्र बरंच वेगळं आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या आणि त्यांच्या वारसांच्या नोंदी लिस्बनला करून हा पासपोर्ट मिळतो. तो घेतल्यावर भारतीय नागरिकत्व जातं, पण युरोपीय संघाचं नागरिकत्व येतं. मग राष्ट्रीयत्वावरून भेदभाव करायला संघाच्या मूळ कराराच्या कलम १८ नेच बंदी आहे आणि कामगारांसाठी नियम ४९२/२०११ आहे. म्हणजे एकाच गावचे दोघे म्युनिकमध्ये एकाच कारखान्यात असतील, तर पासपोर्टमुळे भेद झाल्यावर एकाला ही थेट वाट आहे, दुसऱ्याला नाही.

नवरा किंवा बायको भारतीय पासपोर्टवर असेल तर निर्देश २००४/३८ चं कलम २४ पाहा. समान वागणुकीचा हक्क जोडीदारालाही मिळतो, पण पोर्तुगीज नागरिक पोर्तुगालबाहेरच्या सदस्य देशात राहत असेल तेव्हाच. खुद्द पोर्तुगालमध्ये २०१७ चा कायदा क्रमांक ९३ आहे. त्यात राष्ट्रीयत्व आणि मूळ प्रदेश ही दोन्ही कारणं आहेत. ब्रिटनला ३१ डिसेंबर २०२० नंतर गेलेल्यांना पोर्तुगीज पासपोर्टमुळे तिथे राहण्याचा वेगळा हक्क मिळत नाही.

कोयनाकाठी

भारतीय पासपोर्टवरच राहिलेल्यांना संघाच्या कायद्यात पासपोर्टच्या मुद्द्यावर काहीच नाही का?

निशिगंध

@कोयनाकाठी, आहे, पण ते स्थलांतराच्या कायद्यांत आहे, म्हणून भेदभावाच्या यादीत शोधलं की सापडत नाही. काम आणि वास्तव्याच्या एकत्रित परवान्याच्या निर्देशात (२०११/९८, आता २०२४/१२३३) कामाच्या अटी, वेतन, सामाजिक सुरक्षा, पदवीची मान्यता यांत त्या देशाच्या नागरिकांइतकीच वागणूक मिळण्याचा हक्क आहे. पाच वर्षं सलग कायदेशीर राहिल्यावर २००३/१०९ खाली दीर्घकालीन रहिवाशाचा दर्जा मागता येतो, आणि त्याच्या कलम ११ मध्ये हक्क आणखी वाढतात. याच आधारावर संघाच्या न्यायालयाच्या २९ जुलै २०२४ च्या निकालात इटलीची नागरिक-उत्पन्नासाठीची (गरजूंना मिळणारी सरकारी मदत) दहा वर्षांच्या वास्तव्याची अट दीर्घकालीन रहिवाशांविरुद्ध अप्रत्यक्ष भेदभाव ठरली. बरेच लोक देशाचा कायमचा परवाना घेतात आणि संघाचा दर्जा मागतच नाहीत. दोन्ही वेगळे आहेत, अर्ज करताना कुठल्या खान्यात खूण करता ते पाहा. डेन्मार्क आणि आयर्लंड या निर्देशांत नाहीत.

उत्तरध्रुव

डेन्मार्कचा विषय निघालाच आहे तर. तिथे सांख्यिकी खातं "पाश्चिमात्येतर" असा गट करतं आणि भारत त्यात येतो. २०१८ च्या सार्वजनिक घरांच्या कायद्यात, किमान १,००० वस्तीच्या भागात पाश्चिमात्येतर स्थलांतरित आणि त्यांचे वंशज निम्म्याहून जास्त असतील आणि रोजगार, शिक्षण, गुन्हे, उत्पन्न या चारपैकी दोन निकषांवर तो भाग मागे असेल, तर त्यावर खास उपाय लागू होतात. अशी स्थिती वर्षानुवर्षं राहिली तर कुटुंबांसाठीची सार्वजनिक घरं ४० टक्क्यांपर्यंत खाली आणायची, म्हणजे भाडेकरार संपवायचे, इमारती विकायच्या किंवा पाडायच्या. १३ फेब्रुवारी २०२५ ला लक्झेंबर्गच्या महाअधिवक्त्यांनी (निकालाआधी न्यायालयाला मत देणारा अधिकारी) हा वांशिक मुळावरून प्रत्यक्ष भेदभाव ठरतो असं मत दिलं (सी-४१७/२३). असं मत न्यायालयावर बंधनकारक नसतं. उलट बाजूला २०१७ चा युस्के फिनान्स निकाल आहे (सी-६६८/१५): नुसता जन्मदेश म्हणजे वांशिक मूळ नव्हे. डेन्मार्कमध्ये दावा लावताना जन्मदेशावर थांबू नका. भाषा, धर्म, परंपरा, नाव, रूप हे सगळं मिळून कोणत्या समाजाकडे बोट दाखवलं गेलं ते मांडा.

स्वीडनमध्ये तुम्ही युनियनचे सदस्य असाल तर नोकरीच्या प्रकरणात पहिला हक्क युनियनचा. ती नाही म्हणाली तरच समानता लोकपालाकडे. लोकपाल फार थोडी प्रकरणं कोर्टात नेतो, म्हणून शहरातलं भेदभावविरोधी सल्ला केंद्र गाठा.

शब्दवेल

मुलांना शाळेत मराठी शिकवण्याची मागणी "अल्पसंख्याकांची भाषा" म्हणून करता येईल का?

उत्तरध्रुव

@शब्दवेल, त्या नावाने नाही. प्रादेशिक व अल्पसंख्याक भाषांच्या १९९२ च्या युरोपीय सनदेत पहिल्याच कलमात स्थलांतरितांच्या भाषा वगळल्या आहेत. राष्ट्रीय अल्पसंख्याकांच्या करारातही देश आपली यादी ठरवतात. जर्मनीत डॅनिश, सोर्ब, फ्रीझ आणि सिंती-रोमा हेच चार. स्वीडनमध्ये ज्यू, रोमा, सामी, स्वीडन-फिन आणि तोर्नेदाली. त्यामुळे मंडळांनी अल्पसंख्याक दर्जासाठी अर्ज लिहिण्यात शक्ती घालवू नये.

पण स्वीडनच्या शालेय कायद्यात मातृभाषा शिकवण्याची वेगळी तरतूद आहे आणि मराठी त्यात बसते. अटी अशा: निदान एका पालकाची मातृभाषा मराठी, घरात रोजचं बोलणं मराठीत, मुलाला प्राथमिक मराठी येतं, त्या संस्थाचालकाकडे किमान पाच मुलांची मागणी आणि योग्य शिक्षक उपलब्ध. पाचाचा आकडा एका शाळेत भरायला लागत नाही. नगरपालिकेच्या शाळा असतील तर सगळ्या शाळा मिळून मोजतात. खासगी शाळेतलं मूल मात्र त्या शाळेच्या चालकाच्या हिशोबात जातं. चार मुलं नगरपालिकेच्या शाळांत आणि दोन खासगी शाळेत असली, तर सहा असूनही वर्ग होत नाही. त्यामुळे गटात आधी कोण कुठल्या चालकाकडे आहे याची यादी करा. बहुतेक अर्ज अडतात ते शिक्षक मिळत नाही म्हणून. अर्जाबरोबर शिकवायला तयार असलेल्या व्यक्तीची शैक्षणिक माहिती जोडली तर नगरपालिकेचं काम सोपं होतं.

फिनलंडमध्ये सरकारी अनुदानासाठी गटात किमान चार मुलं लागतात, पण वर्ग सुरू करायचा की नाही ते नगरपालिका ठरवते. डेन्मार्कने २००२ मध्ये संघाबाहेरच्या मुलांसाठी ही सक्ती काढली, नेदरलँड्सने २००४ मध्ये अशी शिकवणीच बंद केली. तिथे मंडळाची रविवारची शाळा हाच मार्ग.

मोगरा_डब्लिन

आयर्लंडचं राहिलं होतं. नोकरीसाठी सहा महिन्यांत कार्यस्थळ संबंध आयोगाकडे तक्रार. योग्य कारण दिलं तर मुदत बारा महिन्यांपर्यंत वाढते. घर, दुकान, बँक, शाळा यांसाठी मात्र आधी एक पायरी आहे आणि लोक तीच चुकवतात. घटनेपासून दोन महिन्यांत समोरच्याला ईएस.१ हा फॉर्म भरून पाठवायचा. काय घडलं, कधी, नऊपैकी कोणत्या कारणावरून, आणि तुम्ही कायद्याने दाद मागणार आहात हे त्यात लिहायचं. त्याने ईएस.२ वर उत्तर द्यावं अशी अपेक्षा असते. महिनाभर वाट पाहून मग आयोगाकडे, सहा महिन्यांच्या आत. ईएस.१ पाठवल्याचा पुरावा नसेल तर तक्रार तिथेच अडते. घरमालकाची कंपनी आणि एजंट वेगळे असतील तर दोघांनाही वेगवेगळा फॉर्म पाठवा, कारण नंतर एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

घरभाड्याची सरकारी मदत घेता म्हणून घर नाकारणं हेही १ जानेवारी २०१६ पासून भेदभावाचं कारण आहे. नोकरी करत असलेल्यांना नोकरीच्या प्रकरणात जास्तीत जास्त दोन वर्षांच्या पगाराइतकी भरपाई, सेवा आणि घरांच्या प्रकरणात १५,००० युरो.

आणि २०२१ पासून आयोगाच्या सुनावण्या सहसा खुल्या असतात, निर्णय नावांसकट संकेतस्थळावर येतात. पुढच्या नोकरीच्या वेळी कुणी नाव शोधलं तर तो निर्णय दिसेल. नाव गुप्त ठेवायचं असेल तर त्यामागची खास परिस्थिती लिहून तशी विनंती सुनावणीच्या आधीच करा.